मोठ्या आंब्याच्या पुढे

पहिल्या महिन्यात एकतीस पार्सलं आली.
सहा परत गेली.
एक मिठबावच्या उतारावर पिशवीतून निसटून व्हाळात पडलं,
त्याचे चारशे दहा रुपये मी भरले,
आणि मिक्सरची ती भांडी
अजून आमच्याकडे आहेत, झाकणाशिवाय.

गाळा जामसंड्याच्या नाक्यावर.
आधी तिथे लवू जोईल सायकली दुरुस्त करायचा.
भिंतीवर त्याचे ग्रीसचे पंजे, चुना मारला तरी वर येतात.
ज्या खिळ्याला तो ट्यूब लटकवायचा
त्याला मी पावत्यांची गड्डी लटकवते.
पेंटरने 'हेमांगी पार्सल' एवढं मोठं काढलं
की 'सेवा'ला जागाच उरली नाही,
ती खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात आली.
राहू दे म्हटलं. आहे ते तसंच आहे.

कणकवलीहून पोती पहाटे येतात.
हात घातला की चिकटपट्टीवर चिकटपट्टी,
सुरत, भिवंडी, हुबळी,
आणि सगळ्यात खाली आमच्याकडचे पत्ते:
सड्यावरची शाळा ओलांडून गडग्याच्या कडेने,
कुत्रा भुंकेल तिथून दुसरं घर.
किंवा नुसतंच:
घाडी, निळी टाकी, मुणगे.
निळ्या टाक्या अकरा आहेत.
घाडी मोजायचं मी सोडून दिलंय.
कंपनीचं मशीन म्हणतं, पत्ता अपूर्ण.
मी म्हणते थांब जरा,
आणि गाडीला किक मारते.

परतीला रिकामं येणं म्हणजे पेट्रोल खाडीत ओतणं.
तांबळडेगच्या बायका म्हणाल्या, मग आमचा सुका ने मुंबयक.
बांगडे, गोलमो, दोन प्लास्टिकं, वर पेपर, वर आणखी एक प्लास्टिक.
तरी आठवड्याने सुरतेहून फोन:
“मॅडम, ती रिटर्न आलेली साडी...”
आणि तो गप्प झाला.
बिचारा शाकाहारी असावा, त्याला शब्दच सापडेना.
तेव्हापासून सुक्याची पिशवी वेगळी, दर वेगळा.

वहीत डावीकडे किलोमीटर, उजवीकडे पेट्रोल.
नफा मी पेन्सिलीने लिहिते.

भागीरथी सारंगच्या पत्त्यावर होतं:
मोठ्या आंब्याच्या पुढे.
तीन वेळा वर गेले, तीन वेळा खाली आले.
कलमं होती, काजू होते,
मोठा म्हणावा असा आंबा कुठे नव्हता.
शेवटी तीच काठी टेकत बाहेर आली.
“आंबो वादळात पडलो गे. चार वर्सां झाली.”
मग पत्त्यात कशाला?
ती माझ्याकडे बघत राहिली, जसं मीच काहीतरी विसरलेय.
“आंबो पडलो. जागा खंय पडली?”

पार्सलात भाच्याने पाठवलेल्या चपला होत्या,
दोन बोटं मोठ्या.
परत पाठवू का विचारलं.
“नको. पाय सुजतत तेव्हा बसतली.”

औंदा मन्सूरला कामाला घेतला,
विजयदुर्गच्या मुकादमांचा, एकोणीस वर्षांचा,
कधीच न चुकणारा नकाशा फोनात घेऊन आला.
पहिल्याच दिवशी नकाशाने त्याला सांगितलं
की तू आत्ता खाडीत उभा आहेस.
मग मी त्याला मागे बसवून गावं दाखवली.
चढावर गाडी थांबवली, म्हटलं, हा मोठा आंबा.
त्याने वर बघितलं. एक घार होती.
खाली बघितलं. करवंदीची जाळी.
काही बोलला नाही,
बूट काढून त्यातला खडा झटकला फक्त.

काल मी गाळ्यात वजनं करत होते.
बाहेर तो फोनवर कुणाला तरी रस्ता सांगत होता,
मोठ्या कंपनीचा पोरगा, नवी व्हॅन, सकाळपासून फिरतोय.
“मोठ्या आंब्यापासून डावीकडे,” मन्सूर म्हणाला.
पलीकडून काहीतरी विचारलं असणार.
“नाय, दिसणार नाय तो.
पण वळायचं तिथूनच.”